'माझं तारण झालंय' असं ख्रिस्ती माणूस कशाच्या जोरावर म्हणतो?

मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या आसपास, सांगलीत किंवा साताऱ्यात ज्यांच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहतं, त्यांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. बहुतेकदा मयताच्या घरी. माणसं रडत असतात, मधूनच गीत म्हणतात, आणि कुणीतरी शांतपणे सांगतं की आजीचं तारण झालं होतं, म्हणजे पापातून सुटका झाली होती, ती प्रभूकडं गेली. गावाला पोचल्याची खबर द्यावी, तितकं सरळ. ऐकणाऱ्याच्या मनात येतं, बरंय बाबा यांचं, आधीच ठाऊक असतं! आणि पाठोपाठ दुसरा विचार: हा जरा जास्तच आत्मविश्वास झाला. ही माणसं स्वतःला एवढी पुण्यवान समजतात की काय?

ही शंका रास्त आहे. गंमत अशी की येशूलाही नेमकी अशीच माणसं खटकत होती. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या एका चरित्राच्या, १८ व्या अध्यायात त्यानं मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची गोष्ट सांगितली आहे. एक परूशी, म्हणजे नेमधर्म काटेकोर पाळणारा. तो देवाला सांगतो की मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो, आणि त्या पलीकडच्या जकातदारासारखा मी नाही हे तुझे उपकार. जकातदार, म्हणजे परक्या सरकारचा कर वसूल करणारा आणि लोकांच्या नजरेत पापी, लांब उभा. वर बघायचीही त्याची छाती होत नाही. तो एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा. परूशी खोटं बोलत नव्हता, हे इथं विसरायला नको. त्याचे उपासही खरे होते आणि दानही खरं होतं.

तारणाची सगळी शिकवण या गोष्टीत आहे. ती उलगडायची तर आधी ख्रिस्ती धर्म अडचण कशाला म्हणतो ते बघायला हवं. चोरी, खोटेपणा, व्यभिचार ही पापं आहेतच. पण त्यांच्या मुळाशी माणसाची एक अवस्था आहे, देवाशी नातं तुटून स्वतःभोवतीच फिरत राहण्याची. येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या, रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२३) सांगतो की सगळ्यांनीच पाप केलं आहे. यात सज्जन आले, दानशूर आले, चर्चचे पाळकसाहेबही आले. त्यामुळे पुण्य साठवून पाप वळतं करून घ्यायचा हिशेब इथं चालत नाही. चांगलं काम केलं तर ते चांगलंच, पण त्यानं तुटलेलं नातं जुळत नाही. ज्याच्याशी नातं तोडलं त्यानंच पुढं यायला हवं.

तो आला, असं ख्रिस्ती माणूस मानतो. देवानं येशूच्या रूपानं माणसाचा जन्म घेतला, निर्दोष जगला, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. मार्कच्या १० व्या अध्यायात येशू आपल्या मरणाला पुष्कळांसाठी दिलेली खंडणी म्हणतो. त्या मरणानं नेमकं काय साधलं, याचं एकच अधिकृत स्पष्टीकरण मात्र सगळ्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, मिळून कधी ठरवलेलं नाही. ३२५ साली निकिया इथं ठरलेला आणि ३८१ साली विस्तारलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची अधिकृत मांडणी, 'आमच्या तारणासाठी' एवढंच म्हणून पुढं जातो. कुणी त्यात सैतानावरचा, मरणावरचा विजय बघितला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडितानं मांडलं की देवाच्या अवमानाची भरपाई माणसानं करायला हवी होती, पण ती करण्याची ताकद फक्त देवात होती, म्हणून देव माणूस झाला. सोळाव्या शतकातल्या सुधारकांचा, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंटांचा, भर शिक्षेवर होता: जी आपल्याला व्हायची ती त्यानं आपल्या जागी सोसली. आपल्याकडच्या उपदेशांतून बहुतेकदा ऐकू येतं ते हे शेवटचं.

या कामाचा लाभ माणसाला मिळतो तो कृपेनं, म्हणजे लायकी नसताना. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी-नववी ओवी संडेस्कूलच्या पोरांनाही पाठ असते: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणाला बढाई मारता येऊ नये. आता शेजाऱ्याची शंका पुन्हा बघा. 'माझं तारण झालंय' हे 'मी चांगला आहे' याच्या अगदी उलट टोकाचं वाक्य आहे. निदान तसं असायला हवं. काही जण ते ज्या तोऱ्यात म्हणतात ते ऐकलं की तो परूशीच परत आठवतो, ही गोष्ट वेगळी.

इथं बरेच जण, अगदी जन्मानं ख्रिस्ती असलेलेही, एक घोटाळा करतात. बायबलमध्ये तारण तिन्ही काळांत येतं. इफिसकरांस पत्रात ते झालेलं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात ते होत आहे. रोमकरांसच्या पाचव्या अध्यायात ते होणार आहे. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राच्या पुस्तकांत याला तीन वेगळे शब्द आहेत. विश्वास ठेवला त्या क्षणी देव माणसाला निर्दोष जाहीर करतो, ते नीतिमान ठरणं. मग आयुष्यभर पवित्र आत्मा त्याचा राग, लोभ, जुन्या खोडी घासत राहतो, ते पवित्रीकरण. आणि शेवटी, मेलेले उठतील तेव्हा पापाचा लवलेशही उरणार नाही, ते गौरवीकरण. पहिलं एकदाच होतं आणि पूर्ण होतं. दुसरं कधीच पुरं होत नाही, मागंपुढं होत राहतं. खात्रीचा बहुतेक गोंधळ होतो तो दुसऱ्याकडं बघून पहिल्याचा अंदाज बांधल्यामुळं. काल पुन्हा बायकोवर ओरडलो, म्हणजे माझं तारण झालेलंच नसणार, असं म्हणणारी भली माणसं प्रत्येक मंडळीत असतात.

आता विश्वास. 'देव आहे असं मला वाटतं' याला इथं विश्वास म्हणत नाहीत. याकोबाच्या पत्रात (२:१९) खोचकपणे म्हटलं आहे की तेवढा विश्वास भुतांचाही असतो, आणि ती थरथर कापतात! जुने शिक्षक विश्वासाचे तीन भाग सांगत: माहिती असणं, ती खरी आहे हे पटणं, आणि मग त्या माणसावर आपला भार टाकणं. तिसऱ्याशिवाय पहिल्या दोघांना अर्थ नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीत कित्येकांना घराच्या गच्चीवरून बोटीत उतरावं लागलं. एखादा धीट पोरगा टुणकन उडी मारून बसला, एखादी आजी डोळे गच्च मिटून, दोघांनी धरल्यावर कशीबशी बसली. दोघंही पलीकडं पोचली, कारण बोट धड होती. आजीची भीती बोटीला जड झाली नाही. आणि त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली. तिच्यात चढलेल्यांचा भरवसा इतरांपेक्षा काही कमी नव्हता. विश्वास किती मोठा, याला तारणाच्या शिकवणीत फारसं महत्त्व नाही ते याच कारणानं. ज्याच्यावर तो टाकला, तो भार पेलतो का, हा खरा प्रश्न.

आणि हा धोका पौलानं लपवलेला नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात तो स्वच्छ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, आणि आमच्यासारखी कीव करण्याजोगी माणसं दुसरी नाहीत. एवढी स्पष्ट पैज क्वचितच कुणी लावतं. ज्याला पुनरुत्थान पटत नाही त्याच्यासाठी या लेखातलं पुढचं काहीच उभं राहत नाही, आणि तसं त्यानं म्हटलं तर पौलाची हरकत नसावी. तारणाची खात्री कुणाच्या मनाच्या बळावर उभी नाही. ती एका घटनेवर उभी आहे.

यावर हमखास येणारा सवाल असा: सगळं फुकटच असेल तर मग वाट्टेल तसं वागायला मोकळीक! हा सवाल पौलाच्याही कानावर आला होता; रोमकरांसच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच त्यानं होते आणि उत्तर आहे, 'कधीच नाही'. जो पापाला मेला तो त्यात पुन्हा कसा राहील? याकोब आणखी कडक आहे. क्रिया नसलेला विश्वास त्याच्या लेखी मेलेला. पौल म्हणतो कर्मांनी नाही, याकोब म्हणतो कर्मांशिवाय नाही, आणि यावर शतकानुशतकं वाद झाले. मला तो वाद जरा फुगवलेला वाटतो. पौल तारण मिळवू बघणाऱ्याशी बोलतोय. याकोब बोलतोय तो तारण मिळालंय असं सांगत सुटणाऱ्याशी, ज्याच्या दारात उघडा-उपाशी भाऊ उभा आहे आणि हा त्याला 'खुशाल जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून वाटेला लावतोय.

सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर सुरू होणारं न संपणारं आयुष्य, असा सर्वसाधारण समज आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (१७:३) येशू त्याची व्याख्या वेगळीच करतो: एकाच खऱ्या देवाला आणि त्यानं पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं म्हणजे सार्वकालिक जीवन. म्हणजे ते इथंच, या आठवड्याच्या कटकटींतच सुरू होतं. दुसरं असं की ही शिकवण आत्म्याला देहाच्या बंधनातून सोडवत नाही. तिची आशा देह पुन्हा उठण्याची आहे.

तर मग ही खात्री माणसाला होते कशी? योहानाचं पहिलं पत्र (५:१३) लिहिण्याचा हेतूच असा दिलाय की विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन लाभलं आहे हे कळावं. 'कळावं' म्हटलंय, म्हणजे अंदाजानं चाचपडायचं नाही. पण कळायचं कशावरून, यावर मंडळ्या वेगवेगळ्या झाल्या, आणि आपल्या भागात आज जे ऐकू येतं ते यातल्या कुठल्या ना कुठल्या घराण्याचं असतं.

रोमन कॅथलिक मंडळीनं ट्रेंटच्या परिषदेत, १५४७ साली, ठरवलं की देवाकडून खास प्रकटीकरण झाल्याशिवाय आपण शेवटपर्यंत टिकणारच, असं कुणी निःसंशय म्हणू नये. कॅथलिक माणूस निराश असतो असा याचा अर्थ मुळीच नाही. तो आशा धरतो, संस्कारांचा आधार घेतो, फक्त निकाल स्वतः वाचून दाखवत नाही. उलट बाजूला कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या सुधारकाच्या परंपरेतले लोक. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेनं म्हटलं की देवानं ज्यांना खरोखर आपलं केलं त्यांना तो शेवटपर्यंत राखतोच. सांगली-मिरजेकडं आलेलं मिशन या घराण्यातलं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीला आले, आणि १८९४ मध्ये त्यांचं मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं. सातारा-वाईकडं काम केलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं, म्हणजे त्यांचंही मूळ कॅल्व्हिनपर्यंतच जातं. तेव्हा मिरजेतल्या आजीबद्दल तिच्या लेकरांनी ठामपणे बोलावं, यामागं चारशे वर्षांचा वारसा आहे.

आणि त्याच प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर मतांगीकारात, १६४६ च्या, अठरावा अध्याय फक्त या खात्रीवर आहे. आजकाल तो कुणी वाचत नाही ही खरोखर वाईट गोष्ट. त्यात खात्रीचे तीन आधार दिले आहेत: देवाची वचनं, आयुष्यात दिसणारी कृपेची लक्षणं, आणि अंतःकरणात पवित्र आत्म्याची साक्ष. पण लगेच पुढं म्हटलंय की ही खात्री विश्वासाचा अविभाज्य भाग नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी बराच काळ वाट बघावी लागेल, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते, हलगर्जीपणानं, एखाद्या पापानं, किंवा देवानं आपल्या मुखाचा प्रकाश काही काळ आवरून घेतल्यानं. तारण असणं आणि ते असल्याचं जाणवणं या दोन गोष्टी. हे कळलं की निम्म्या माणसांचा घोर कमी होईल.

तिसरं घराणं जॉन वेस्लीचं, म्हणजे मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या इंग्रज पाळकाचं. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत त्याला आपलं अंतःकरण अनोखं ऊबदार झाल्याचं जाणवलं आणि ख्रिस्तानं माझी, अगदी माझी, पापं घेतली हा भरवसा आला. तोवर तो पाळक होता, मिशनरी म्हणून अमेरिकेलाही जाऊन आला होता! मेथडिस्टांमध्ये आणि त्यांच्या मागून आलेल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये आतल्या साक्षीवर भर आहे तो इथून. मात्र वेस्लीच्या मते मिळालेली कृपा माणूस झिडकारूही शकतो.

म्हणजे तारण गमावता येतं का, हा प्रश्न येतोच. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही. इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय मात्र चाखून-अनुभवून पतन पावलेल्यांबद्दल अंगावर काटा येईल असं बोलतो. दोन्ही बाजूंचे लोक आपापली ओवी घेऊन बसतात. पण समजा, एखादा गडी दहा वर्षं उपासनेला आला, मग दारूच्या नादानं सगळं सोडून गेला. एक बाजू म्हणेल, तो मुळात आत आलाच नव्हता. दुसरी म्हणेल, आत होता, बाहेर पडला. त्याच्या घरी जाऊन मात्र दोघंही एकच सांगतील, की परत फीर.

भावनेवर उभी केलेली खात्री ही आपल्याकडची मोठी अडचण आहे असं माझं मत. संजीवन सभा भरतात, वाद्यं वाजतात, ज्यांना येशूचा स्वीकार करायचाय त्यांनी हात वर करा म्हणतात. त्यातून खरोखर बदललेली माणसं आहेत, ते नाकारत नाही. पण काही जण दर सभेला तोच हात पुन्हा वर करतात, कारण मागच्या सभेनंतर महिन्याभरात ऊब ओसरलेली असते. त्यांना कुणी मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप दाखवायला हवा. मुलाला फेपरं येतंय, आणि तो येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. पोरगं बरं झालं.

बाप्तिस्म्याशिवाय, म्हणजे पाण्यानं होणाऱ्या दीक्षाविधीशिवाय, तारण नाही का? क्रूसावर शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला येशूनं आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील असं सांगितलं, आणि त्याला ना बाप्तिस्मा मिळाला, ना एखादं चांगलं काम करायला वेळ. तरी बाप्तिस्मा ही येशूची आज्ञा आहे, त्यामुळे तो ऐच्छिक असं बहुतेक मंडळ्या म्हणत नाहीत. कधी द्यायचा यावर मतभेद आहेत. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा तिनं तान्ह्या बाळाचा आणि समजत्या वयातला, दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. साताऱ्यात या प्रश्नाला एक वेगळंच वळण मिळालं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, ज्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, आयुष्याच्या अखेरीस १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून तिथं 'देवाचा दरबार' उभारला. त्यात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही अनुयायी यावेत अशी त्यांची कल्पना होती. अनेकांना ती रुचली नाही. १९१९ मध्ये टिळक गेले.

जन्मानं ख्रिस्ती असणं, मंडळीच्या रजिस्टरात नाव असणं, यानं मात्र तारण होत नाही, यावर सगळ्यांचं एकमत. निकदेम तर यहुद्यांचा नामांकित शिक्षक होता, त्यालाच येशूनं नव्यानं जन्मावं लागेल म्हणून सांगितलं.

राहता राहिला शेजाऱ्याचा खरा प्रश्न, जो तो सभ्यपणामुळं विचारत नाही: मग आमचं काय? प्रेषितांची कृत्ये ४:१२ सांगतं की दुसऱ्या कुणाकडून तारण नाही. हे वाक्य गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. ते ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातलं आहे. पण ज्याच्यापर्यंत ख्रिस्ताची ओळख पोचलीच नाही त्याचं काय, यावर मंडळ्यांचं एकमत नाही. कॅथलिकांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताला न ओळखणारा, पण मनापासून देवाला शोधणारा आणि सदसद्विवेकाप्रमाणे जगणारा माणूसही तारण पावू शकतो, आणि तेही ख्रिस्ताच्याच कृपेनं. अनेक प्रॉटेस्टंटांना हे मान्य नाही. काही जण न्याय देवाचा म्हणून गप्प बसणं पसंत करतात.

येशूला हा प्रश्न समोरासमोर विचारला गेला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात कुणीतरी विचारतं की तारण थोड्यांचंच होणार का? आकडा त्यानं दिला नाही. अरुंद दारानं आत जायची तुम्ही शिकस्त करा, असं त्यानं विचारणाऱ्यांनाच सांगितलं. पुढं तो म्हणतो की काही लोक दार ठोठावत राहतील, आम्ही तुझ्यासमोर जेवलो-प्यालो, तू आमच्या रस्त्यांवर शिकवलंस म्हणून ओळख सांगतील, आणि त्यांना 'मी तुम्हाला ओळखत नाही' असं उत्तर मिळेल. त्याच वेळी पूर्वेकडून, पश्चिमेकडून, उत्तरेकडून, दक्षिणेकडून भलतीच माणसं येऊन देवाच्या राज्यात पंगतीला बसतील. हा इशारा त्यानं दिला तो आपल्याच ओळखीच्यांना.